सांकेतिक भाषेत एका शब्दाला देशभर एकच खूण ठरवून टाकली तर अडचण काय आहे?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की कर्णबधिर मुलांच्या शाळेत तुम्ही नव्याने शिकवायला लागला आहात. मुलं एक खूण करतात, सरकारी कोशाच्या व्हिडिओत दुसरीच दिसते, आणि वरिष्ठ सांगतात कोशातलीच शिकवा. मग एकदाचं काय ते ठरवून का टाकत नाहीत, सगळ्यांचीच सोय होईल, असा तुमचा सवाल.

ठरवायला माझी हरकत नाही. पण 'एका शब्दाला एक खूण' हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं, म्हणून उत्तर लांबणार आहे. या वाक्यात शब्द आधी येतो आणि खूण नंतर. शब्द कुणाचा? मराठीचा, हिंदीचा, नाहीतर इंग्रजीचा. ऐकणाऱ्यांच्या भाषेची यादी आधी छापायची आणि समोरच्या रिकाम्या रकान्यात हात भरायचे, असा तो प्रकार आहे. इथेच घोडं पेंड खातं.

गणिताच्या शब्दांसाठी भरलेल्या एका कार्यशाळेचं उदाहरण घ्या. कुणी भरवली होती ते सोडा. पाठ्यपुस्तकातले पारिभाषिक शब्द छापून आणले होते, डावीकडे शब्द, उजवीकडे रिकामी जागा. 'क्षेत्रफळ' आलं. एका तज्ज्ञांनी सुचवलं: 'क्षेत्र'साठी शेताची खूण आणि 'फळ'साठी खायच्या फळाची. ते थट्टा करत नव्हते. 'फळ'ची खूण आधी ठरलेली होती, आणि एका शब्दाला एक खूण हा नियम! त्याच हिशेबाने 'वर्गमूळ' म्हणजे शाळेतला वर्ग अधिक झाडाचं मूळ. 'घनफळ'ही त्याच टोपलीत.

खोलीत कर्णबधिर शिक्षक दोनच होते, भिंतीकडच्या खुर्च्यांवर. त्यांच्यातल्या एकाने काय केलं ते नीट पाहा. तर्जनीने हवेत चौकोनाची कड काढली, मग तळवा सपाट करून आतली जागा पुसल्यासारखी फिरवली. क्षेत्रफळ. परिमितीसाठी फक्त कड काढली, आणि बोट जिथून निघालं तिथेच परत आणून किंचित टेकवलं. घनफळासाठी दोन्ही हातांनी खोक्याच्या बाजू दाखवल्या आणि आडवा तळवा तळापासून वर भरत आणला. तीन खुणा एकमेकींच्या बहिणी आहेत हे न सांगता कळतं. मराठी मुलाला परिमिती, क्षेत्रफळ आणि घनफळ यांतला फरक पाठ करावा लागतो, इथे तो हातातच आहे.

तज्ज्ञांचा आक्षेप असा की हे तर चौकोनाचं क्षेत्रफळ झालं, वर्तुळाचं काय? शिक्षकाने गोल काढला आणि आतून तळवा फिरवला. त्रिकोण विचारला, त्रिकोण काढला. यावर आलेला पुढचा आक्षेप मला आजही जसाच्या तसा आठवतो: 'खूण दर वेळी बदलते, म्हणजे ती पक्की नाही.' अहो, ती बदलते कारण ती व्याकरणाने चालते! 'जा' या धातूचं जातो, गेला, जाईन होतं म्हणून तो धातू कच्चा ठरतो का? आकार बदलत राहणं हाच त्या खुणेचा नियम आहे. पण छापील रकान्यात एकच फोटो मावतो. चौकोनाचा फोटो गेला. मग जे व्हायचं तेच झालं. फोटोवरून शिकलेले ऐकणारे शिक्षक फळ्यावर वर्तुळ काढून हाताने चौकोन पुसू लागले, आणि मुलं गोंधळली की गुरुजी गोलाबद्दल बोलताहेत की चौकोनाबद्दल.

तेव्हा पहिली अडचण लिहून ठेवा. सांकेतिक भाषेतल्या काही खुणा ठरीव असतात, त्या कोशात नीट बसतात. काही जागच्या जागी घडवल्या जातात, त्यांचा कोशातला फोटो म्हणजे धावत्या माणसाचा पासपोर्ट फोटो. कोश करणाऱ्याने नोंदीत 'आकृतीप्रमाणे बदलते' एवढं जरी लिहिलं तरी अर्धं नुकसान टळतं.

दुसरी अडचण प्रश्नांची, आणि ती पहिलीहून वाईट आहे. भारतीय सांकेतिक भाषेत परंपरेने एकच सर्वसाधारण प्रश्नखूण आहे आणि ती वाक्याच्या शेवटी येते. चेहरा अधिक प्रश्न म्हणजे कोण, जागा अधिक प्रश्न म्हणजे कुठे, वेळ अधिक प्रश्न म्हणजे कधी, संख्या अधिक प्रश्न म्हणजे किती. अनेकदा संदर्भावरून पहिला भागही गळतो. सुटसुटीत व्यवस्था आहे. पण भाषेच्या तासाला काय, कोण, कुठे, कधी, कसे असे पाच शब्द फळ्यावर आले की लगेच कुणीतरी पाच वेगळ्या खुणा 'तयार करून' देतं, आणि वर त्या मराठीच्या क्रमाने वाक्यात घालतं. ती सांकेतिक भाषा राहत नाही, हातांनी बोललेली मराठी होते. तिचा वाचन शिकवताना उपयोग आहे, जरूर करा, पण तिला तिच्या नावाने हाक मारा. तिच्या खुणा प्रमाण म्हणून कोशात घुसवू नका.

आता व्याकरणाबद्दल, कारण 'आपल्याकडे दर गावाला वेगळी भाषा' अशी भीती घालून प्रमाणीकरण विकलं जातं. १९७० च्या दशकात मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगलोरच्या खुणा तपासल्या तेव्हा शब्दसंग्रहात फरक दिसला, पण नातंही भरपूर दिसलं. पुढे भाषातज्ज्ञ उलरिके झेशान यांनी दिल्ली आणि कराचीची तुलना केली तर व्याकरण जवळपास सारखंच निघालं, सीमेपलीकडे जाऊनसुद्धा. म्हणजे व्याकरणाचं प्रमाणीकरण समाजाने कधीच करून ठेवलंय, कुठल्याही समितीशिवाय. फरक उरतो तो शब्दांचा. वार, रंग, आकडे, नाती, गावांची नावं, आणि सगळ्यात जास्त शाळेतली परिभाषा. नागपूरचा कर्णबधिर कोल्हापूरच्या माणसाला भेटला की पहिला थोडा वेळ खुणा जुळवण्यात जातो, मग गाडी रुळावर येते. अडतो तो मधला ऐकणारा, ज्याने एकाच ठिकाणी एकाच पुस्तकावरून खुणा पाठ केलेल्या असतात.

नवी खूण खरंच लागते तेव्हा काम कसं करायचं, तेही सांगतो, कारण बिघाड इथेच होतात.

शब्द लिहून दाखवून खूण विचारायची नाही. लिहिलेला शब्द दिसला की समोरचा त्याचं पहिलं इंग्रजी अक्षर बोटांनी करतो किंवा ओठांनी शब्द पुटपुटतो. चित्र दाखवा, वस्तू द्या, त्याहून बरं म्हणजे दोन कर्णबधिर माणसांना समोरासमोर बसवून एकाने दुसऱ्याला समजावून द्यायला सांगा. कॅमेरा डोक्याच्या थोडं वरपासून कमरेपर्यंत. सेकंदाला २५ फ्रेमवर बोटं पुसट होतात, ५० ठेवा. कपडे एकरंगी आणि कातडीच्या रंगाहून वेगळे. प्रत्येकाची माहिती टिपायची: कुठल्या शाळेत शिकला, कितव्या वर्षी खुणा भेटल्या, घरात आणखी कुणी कर्णबधिर आहे का, डावखुरा का. ही माहिती नसलेली नोंद फेकून द्यायच्या लायकीची असते, कारण पुढे ती खूण कुणाची हेच सांगता येत नाही.

मग प्रत्येक खूण पाच अंगांनी तपासायची: हाताचा आकार, जागा, हालचाल, तळव्याची दिशा, चेहरा. एकाच अर्थाच्या दोन खुणांत एकाच अंगाचा फरक असेल तर बहुधा तो उच्चारातला फरक, एकाच नोंदीखाली घ्या. तीन अंगं वेगळी असतील तर तो वेगळा शब्द, वेगळी नोंद. समित्या इथे फार घोळ घालतात. गालावर की हनुवटीवर, एवढ्यावरून तासभर भांडतात आणि खरोखर वेगळ्या दोन खुणा एकत्र दळून टाकतात.

टेबलावर बसून घडवलेली खूण कशी ओळखायची? तिच्यात दोन हात दोन वेगळे आकार धरून दोन वेगळ्या हालचाली करतात. जगातल्या सांकेतिक भाषा हे टाळतात. दोन्ही हात हलले तर आकार एकच असतो, आकार वेगळे असतील तर एक हात नुसता आधार देतो आणि त्याचा आकारही साधा असतो. दुसरी ओळख: बोटांची नाजूक नक्षी पोटापाशी. पाहणारा माणूस समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो, हातांकडे नाही. बारीक बोटकाम चेहऱ्याजवळच वाचता येतं, खाली मोठ्या हालचालीच दिसतात. आणि चार खुणांचं लांबलचक जोडकाम केलंत तर मुलं थोड्याच दिवसांत ते दोनवर आणतील. ती आणतील ते खरं, तुमचं नव्हे.

इंग्रजी आद्याक्षराच्या खुणांबद्दल, म्हणजे शब्दाचं पहिलं इंग्रजी अक्षर बोटांनी करून बनवलेल्या खुणांबद्दल, तर बोलायलाच नको, तरी बोलतो. आपल्याकडची दोन हातांची अक्षरं ब्रिटिशांकडून आली. त्यांच्यात स्वर डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर असतात: अंगठ्यावर ए, तर्जनीवर ई, मधल्या बोटावर आय, अनामिकेवर ओ, करंगळीवर यू. पाच अक्षरांत फरक फक्त कुठल्या बोटाला टेकलं एवढाच. शिवाय दोन्ही हात अक्षरातच अडकल्याने हालचालीला वाव उरत नाही. एका हाताच्या अक्षरांच्या अमेरिकेत ही युक्ती काही अंशी चालते, म्हणून ती उचलून आणायची आणि मराठी माध्यमाच्या तिसरीतल्या मुलाला देऊन टाकायची, ज्याला त्या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंगच माहीत नाही! त्याच्यासाठी ती खूण म्हणजे कारण नसलेली बोटांची कसरत.

तुमच्या प्रश्नातलं 'सोय' हे प्रकरण आता घेऊ. प्रमाण मराठीचं आपण काय केलं ते आठवा. 'ण' आणि 'न' वरून माणसाचा जिल्हा, घर, जात काढणारा आपला समाज. छापील भाषा शुद्ध ठरली त्याच क्षणी उरलेली सगळी मराठी अशुद्ध झाली, आधी ती नुसती मराठी होती. खुणांचंही तेच होतं, फक्त जास्त वेगाने. कारण इथे शुद्धाशुद्ध ठरवणारा बहुधा ऐकणारा असतो. पन्नास वर्षं एक खूण करत आलेल्या कर्णबधिर आजोबांना दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेला दुभाषा 'ही खूण चुकीची आहे' असं सांगतो, आणि आजोबा मान डोलावतात. आयुष्यभर त्यांची जीभ, त्यांचे कान, त्यांची वाचा दुरुस्त करून झाली होती. कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या १८८० च्या मिलानच्या परिषदेपासून जगभरच्या शाळांनी हात बांधून ओठ हलवायला लावले. हात तेवढे त्यांचे स्वतःचे राहिले होते. आता त्यांचीही दुरुस्ती.

खूण माणसाचा पत्ता सांगते. कुठल्या शाळेच्या वसतिगृहात वाढला, कुठल्या वयाचा, मुलींच्या शाळेतली की मुलांच्या. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या कॅब्रा भागात मुलींची आणि मुलांची शाळा वेगळी होती, तर बायकांच्या आणि पुरुषांच्या कितीतरी खुणाच वेगळ्या झाल्या. पुढे एकीकरणाच्या नावाखाली झुकतं माप पुरुषांच्या खुणांना मिळालं. कुणी तसा ठराव केला नव्हता. ज्यांचं वजन जास्त, त्यांची खूण 'जास्त प्रचलित' वाटते, एवढंच.

अर्थाचाही एक काटा आहे. आपल्याकडे स्त्रीची खूण नाकाच्या बाजूला, चमकीच्या जागी, आणि पुरुषाची मिशीवर. ऐकणाऱ्या सुधारकांना ही बदलायची हौस येते. राहू द्या. 'गवाक्ष' म्हणताना कुणाला गाईचा डोळा दिसत नाही, तशी ही खूण करताना कुणाला चमकी दिसत नाही. पण एखाद्या जमातीची किंवा देशाची खूण डोळ्यांच्या ठेवणीवरून, रंगावरून केलेली असेल तर गोष्ट वेगळी, कारण ज्यांच्यावर ती केली आहे त्यांना ती बोचते. चीन-जपानच्या तसल्या जुन्या खुणा काही सांकेतिक भाषांनी सोडल्या आणि त्या देशांतले कर्णबधिर स्वतःसाठी वापरतात त्या घेतल्या. कसोटी एवढीच, की ज्याचं नाव त्याला विचारा.

नीट केलेलं प्रमाणीकरण असतं का? त्यातल्या त्यात नेदरलँड्सचं. तिथल्या सांकेतिक भाषेचे पाच प्रादेशिक प्रकार, पाच जुन्या शाळांभोवती वाढलेले. सरकारने अट घातली की आधी शब्दसंग्रह प्रमाण करा, मग मान्यतेचं बघू. १९९९ ते २००२ या काळात सुमारे ५,००० खुणा ठरल्या, अर्ध्या रोजच्या वापरातल्या, अर्ध्या शाळेच्या विषयांसाठी. वेगवेगळ्या भागांतले कर्णबधिर आणि भाषातज्ज्ञ एकत्र बसले. आणि अट पूर्ण करूनही कायदेशीर मान्यतेला २०२० उजाडलं! प्रमाणीकरण केलं की हक्क मिळतात म्हणणाऱ्यांनी हे साल पाठ करावं. उलट टोकाचं उदाहरण गेस्टुनोचं. जागतिक परिषदांसाठी समितीने सुमारे १,५०० खुणांचं पुस्तक काढलं, १९७५ च्या सुमारास. बल्गेरियातल्या परिषदेत दुभाष्यांनी ते वापरलं तर बसलेल्या कर्णबधिरांना कळेना. शब्द होते, व्याकरण नव्हतं. आज आंतरराष्ट्रीय बैठकांत जे चालतं ते माणसं भेटून भेटून तयार झालेलं आहे.

आपल्या कोशाचा दोष मी मानत नाही, हे स्पष्ट करतो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये ३,००० शब्दांनी सुरुवात केली, २०१९ मध्ये ६,०००, २०२१ मध्ये १०,०००. त्यात प्रादेशिक खुणाही घेतल्या आहेत. कोश पुढे करून तुम्हाला दटावणाऱ्यांनी तो तितका उघडलेला नसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही देशभर प्रमाणीकरणाचं वाक्य आहे आणि त्याला लागूनच दुसरं आहे: स्थानिक सांकेतिक भाषांचा आदर राखला जाईल, शक्य आणि सयुक्तिक असेल तिथे त्या शिकवल्याही जातील. वरिष्ठांना दुसरं वाक्य वाचायला द्या. परिच्छेद ४.२२.

तुमच्या वर्गासाठी माझा सल्ला. मुलांची खूण आधी शिका, तीच वापरून संकल्पना शिकवा, आणि संकल्पना बसल्यावर कोशातली खूण 'दिल्लीची' किंवा 'पुस्तकातली' अशी ओळख करून द्या. चूक-बरोबर हे शब्द वापरू नका. शाळेतल्या खुणांचे छोटे व्हिडिओ काढून ठेवा, प्रत्येकावर शाळा आणि साल. मुलं दोन्ही सांभाळतात, घरी एक मराठी आणि पुस्तकात एक मराठी आपण सांभाळली तशीच. परिभाषा हवी असेल तर आधी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना विचारा, त्यांतला कुणी आयटीआय किंवा कॉलेजला गेलेला असतो आणि त्याच्याकडे खूण तयार असते.

थोडं सावरून घेतो, कारण वर मी एकाच सुरात भांडलो. न्यायालयात, दवाखान्यात, परीक्षेत अर्थ पक्का लागतो. तिथे दुभाष्याने साक्षीदाराची खूण आणि कोशातली खूण दोन्ही पडताळून घेतली पाहिजे. प्रमाणीकरण हवं म्हणणारे पुष्कळ कर्णबधिर कार्यकर्तेही आहेत, आणि त्यांचं कारण भक्कम आहे. सरकारी कागदावर भाषा एक आणि ठसठशीत दिसली तर मागण्या रेटता येतात. त्यांच्याशी माझा वाद नाही, वाद रकाना घेऊन बसणाऱ्यांशी आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या घरी जन्मतात, पाच-सहा वर्षांची होऊन शाळेत येईपर्यंत कित्येकांना कुठलीच भाषा नीट मिळालेली नसते. अशा मुलासमोर प्रमाण की स्थानिक हा वाद घालत बसू नका. तुम्हाला येते ती खूण आजच द्या.

एक राहिलं. कोशातले व्हिडिओ सहसा उजव्या हाताने केलेले असतात. डावखुरं मूल तीच खूण आरशातल्यासारखी उलटी करेल. ती चूक नाही, हात बदलायला लावू नका. तुम्ही मात्र एका वाक्यात मध्येच हात बदलू नका, पाहणाऱ्याला ते अडखळल्यासारखं दिसतं.